२८७ ऐवजी ३११

गुरुनाथ वामन देशकरला साफसफाईची भारी हौस. घरातला केर मात्र त्याने जन्मात कधी काढला नाही. त्याची सफाई सगळी कागदावरची. कुठलीही यादी हातात पडली की दोनदा आलेली नावं, चुकलेले पत्ते, एक आकडा कमी असलेले फोन नंबर त्याला तांदळातल्या खड्यांसारखे टोचायचे, आणि ते वेचून बाजूला काढेपर्यंत त्याला जेवण गोड लागायचं नाही. न्यू जर्सीतल्या त्यांच्या मराठी मंडळाची नऊशे नावांची यादी त्याने अशीच एका रविवारी मांडी घालून निवडली आणि एकाहत्तर जोडनावं उडवली. त्या वर्षी गणपतीचं आमंत्रण कुणाला दोनदा गेलं नाही आणि कुणाचं चुकलंही नाही.

मंडळाचा अध्यक्ष संजय खूश झाला. "गुरुनाथ, यार, तू तर जादूच केलीस! मी तीन वर्षं ट्राय करत होतो."

जादूबिदू काही नव्हती. गुरुनाथचा एक साधा नियम होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि वय ही चारही जुळली तर माणूस एकच. त्यातला एक धरायचा, दुसरा पुसायचा. मराठी माणसाच्या नावात त्याचा बाप आणि घराणं जन्मापासून बांधून दिलेलं असतं, त्यामुळे घोटाळ्याला जागाच कुठे उरते? वामनरावांना एक गुरुनाथ असताना ते दुसऱ्याचं नाव गुरुनाथ कशाला ठेवतील? घरात नावांचा काय दुष्काळ पडला होता? नियम इतका सरळ होता की तो तपासून पाहावा असं गुरुनाथला कधी वाटलंच नाही. माणसाचं असंच असतं, ज्या गोष्टी घरात चालतात त्या जगात चालतात असं तो धरून चालतो.

गुरुनाथ मूळचा नागपूरचा. तिथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. दोन हजार सालच्या आसपास कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येकाला अमेरिकेचे वेध लागले, तेव्हा त्यालाही लागले. जानेवारी २००१ मध्ये तो बायको आसावरी आणि चार वर्षांच्या शिवांगीला घेऊन न्यू जर्सीत उतरला, आणि ऑक्टोबरात त्याच्या कंपनीने एका दिवसात निम्म्या लोकांना घरी पाठवलं. त्यात हाही होता. वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की पायाखालचा देशच जातो. देवाची कृपा म्हणा किंवा त्याची जुनी पदवी म्हणा, पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीजवळच्या एका छोट्या संशोधन केंद्राला संख्याशास्त्र जाणणारा प्रोग्रामर हवा होता. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी. पण व्हिसा टिकला.

केंद्राचं काम असं होतं की घानाच्या उत्तरेकडच्या एका कोपऱ्यातल्या शहाण्णव गावांची पाहणी करायची. कुठल्या घरात माणसं किती, छप्पर गवताचं की पत्र्याचं, संडास आहे की नाही, पाणी कुठून आणतात, दवाखाना किती मैलांवर, मुलं शाळेत जातात का. तिथली माणसं गावोगाव फिरून फॉर्म भरायची, तमाले गावच्या ऑफिसात ते कॉम्प्युटरवर चढवले जायचे आणि सगळी माहिती सीडीवर गुरुनाथकडे यायची. भरलेल्या फॉर्मची खोकीही मागाहून जहाजाने यायची आणि तळघरात रचली जायची. ती उघडायची वेळ कुणावर आली नव्हती.

चार वर्षांत गुरुनाथला तो मुलूख पाठ झाला. कुठल्या गावचा दवाखाना नर्सशिवाय आहे, कुठल्या शाळेला फळा आहे पण मास्तर नाही, कुठली विहीर फेब्रुवारीत आटते, सगळं त्याला तोंडपाठ. सकाळी गाडी पार्क करून तो ऑफिसात शिरायचा आणि दिवसभर एकेचाळीस हजार माणसांची उस्तवार करायचा. त्यातला एकही माणूस त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंट इथे एअर कंडिशन्ड होता.

२००५च्या उन्हाळ्यात शेवटची सीडी आली. गुरुनाथने आपला नियम चालवला आणि अकराशे चाळीस जोडनावं सापडली. एकाच घरात, एकाच बापाची, एकाच नावाची, एकाच वयाची माणसं दोनदा, कधी तीनदा. त्याने ती पुसली आणि अहवालाला एक टीप जोडली की तिथल्या गणकांनी अनेक ठिकाणी एकाच व्यक्तीची दोनदा नोंद केली असून त्यांना प्रशिक्षणाची गरज आहे. केंद्राच्या प्रमुख डॉ. पोर्टर यांना टीप फार आवडली. त्यांनी लगेच तिथल्या मुख्य गणकाला, अलहसन नावाच्या माणसाला, आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पिस्कॅटवेला बोलावलं. शिकवणार कोण, तर गुरुनाथ.

त्याच सुमाराला घरात दुसरं एक घोडं दामटलं जात होतं. वर्क व्हिसाची सहा वर्षं जानेवारी २००७ मध्ये संपणार होती. त्याच्या वर्षभर आधी केंद्राने त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल केला तर पुढेही राहता येणार होतं. नाही केला, तर गाशा गुंडाळायचा. डॉ. पोर्टर अर्जाला तयार होत्या. सोबत जोडायचं शिफारसपत्र त्यांनी, तिकडच्या रीतीप्रमाणे, गुरुनाथलाच लिहायला सांगितलं. स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची म्हणजे अवघडच, पण त्याने चार संध्याकाळ घालवून ते लिहिलं. त्यातलं सगळ्यात वजनदार वाक्य असं होतं, की श्री. देशकर यांनी तयार केलेल्या प्रोग्राममुळे अकराशे चाळीस चुकीच्या नोंदी वगळता आल्या आणि पाहणी विश्वासार्ह झाली.

आसावरीने ते पत्र तीनदा वाचलं. ती नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. जवळजवळ पाच वर्षं ती लायब्ररीत गोष्टी वाचून दाखवणं, शेजारच्या मुलांचा होमवर्क, मंडळाची बटाटेवड्यांची पिठं असल्या फुकटच्या कामांत दिवस काढत होती. ग्रीन कार्ड आलं की ती शिकवायला लागणार होती. कुठल्या शाळेत, कुठला वर्ग, हेही तिने मनात ठरवून टाकलं होतं.

"सही कधी करणार त्या?" तिने विचारलं.

"थँक्सगिव्हिंगच्या आधी," गुरुनाथ म्हणाला.

अलहसन ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. उंच, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू. तो पूर्वी शाळामास्तर होता. रमजानचा महिना असल्यामुळे दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता तो गुरुनाथसमोर वही उघडून बसायचा आणि सांगितलेलं सगळं उतरवून घ्यायचा. जोडनावं कशी ओळखायची हे गुरुनाथने त्याला दोन दिवस समजावलं. अलहसन मान हलवायचा. "येस, मिस्टर गुरु. असंही असू शकतं." गुरुनाथला हा विद्यार्थी फार समजूतदार वाटला. अतिसमजूतदार विद्यार्थी बहुधा गप्प का बसतो, हे बारा वर्षं कॉलेजात शिकवलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. परमुलखात एकट्याने सण काढणाऱ्या माणसाला घरी बोलवायला हवं असं आसावरीच म्हणाली. शनिवारी अलहसन इस्त्री केलेला लांब झगा घालून, शिवांगीसाठी रंगीत पेन्सिली घेऊन आला. आसावरीने चकली-लाडूचं ताट पुढे केलं, आणि जेवायला मुद्दाम ज्वारीच्या भाकरी आणि भरली वांगी केली. भाकरीचा वास घेऊन अलहसन चमकला. हे पीठ तो ओळखत होता. त्यांच्याकडे त्याच धान्याचा घट्ट गोळा रटरटवतात आणि रश्श्यात बुडवून हाताने खातात. पाच आठवड्यांत प्रथमच तो मनापासून बोलायला लागला.

शिवांगी तेव्हा नऊ वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. ती पेन्सिलीने पाहुण्याच्या मुलांची नावं कागदावर लिहून घेत होती. अलहसनने सांगितलं की त्याची थोरली लारिबा, म्हणजे बुधवारी जन्मलेली, आणि धाकटी लामिसी, म्हणजे गुरुवारची. त्यांच्या भागात बऱ्याच मुलींना जन्मवाराचंच नाव देतात.

"दॅट्स सो कूल!" शिवांगी म्हणाली. मग पेन्सिल थांबवून तिने विचारलं, "बट व्हॉट इफ टू गर्ल्स आर बॉर्न ऑन थर्सडे? इन द सेम हाउस?"

अलहसन हसला. "दोनच? माझ्या वडिलांच्या घरात तीन लामिसी होत्या. वडील एक, आया तीन. अंगणातून हाक मारली की तिघीही ओ द्यायच्या. मग माझी आजी चुलीजवळून ओरडायची, 'कुणाची लामिसी?' आईचं नाव घेतलं की बरोबर तेवढीच पळत यायची."

गुरुनाथच्या हातातला भाकरीचा तुकडा वांग्याच्या रश्श्यात तसाच राहिला.

"एकाच बापाच्या?" त्याने विचारलं.

"एकाच."

"आणि वय?"

"दोघी तर एकाच पावसाळ्यातल्या. आणि आमच्याकडे वय कोण मोजतं, मिस्टर गुरु? म्हाताऱ्या अंदाजाने सांगतात. पाच, दहा, पंधरा."

नाव तेच, बाप तोच, आडनावाच्या जागी बापाचंच नाव, वयही तेच. "मग तुम्ही मला शिकवताना का नाही बोललात?"

अलहसनने हात पुसले. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेलं. "मला आलेल्या पत्रात लिहिलं होतं की आमच्या माणसांनी चुका केल्या आहेत आणि त्या कशा टाळायच्या ते शिकायला या. मी शिकायला आलो. कोणती नावं पुसली ते मला कुणी दाखवलं नाही, नुसते आकडे दाखवले." मग तो म्हणाला, "फॉर्मवर आईच्या नावाला चौकट नव्हती. आमच्या पोरांनी ते समासात पेन्सिलीने लिहिलंय. तुम्ही पाहिलं असेल असं मला वाटलं."

गुरुनाथने पाहिलं नव्हतं. फॉर्म केंद्रानेच बनवला होता आणि तमालेच्या ऑफिसात चौकटीतलंच तेवढं टाइप करायचे. समास तळघरातल्या खोक्यांत पडून होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन तळघरात उतरला. एकतीस खोकी होती. पहिलंच उघडलं ते कुलपेला गावचं. अब्दुलायचं घर, माणसं सत्तावीस. लामिसी, वय दहा, आणि समासात फिकट पेन्सिलीने "मेमुना". तीन ओळी खाली पुन्हा लामिसी, वय दहा, "हवा". आणखी खाली लामिसी, वय पाच, "रमतू". तिसरी वयामुळे वाचली होती. पहिल्या दोघींपैकी हवाची लामिसी त्याने पुसली होती. दहा वर्षांची मुलगी, शिवांगीहून एका वर्षाने मोठी, त्याने एक बटण दाबून नाहीशी केली होती, आणि वर तिची नोंद करणाऱ्या माणसाला निष्काळजी ठरवलं होतं. त्याला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. डबा त्याने न उघडताच परत वर नेला.

नऊ दिवस तो रोज खाली जात राहिला. अकराशे चाळीसपैकी सहाशे बारा माणसं खरीखुरी वेगळी निघाली. ही नुसती शरमेची बाब असती तर एक वेळ पोटात घालता आली असती. पण ज्या संस्थेच्या पैशाने पाहणी झाली होती ती त्या भागात हातपंप बसवणार होती, आणि तिचा नियम होता की गावात माणसं तीनशे असतील तरच पंप. कुलपेलाची मूळ गणना होती तीनशे अकरा. गुरुनाथच्या सफाईनंतर उरली दोनशे सत्त्याऐंशी. अशी पाच गावं यादीतून गळाली होती. कुलपेलाच्या फॉर्मवर पाण्याच्या चौकटीत लिहिलेलं त्याला पाठ होतं. गुरांच्या तळ्याचं पाणी, जाऊन-येऊन दोन तास. पंपांची यादी डिसेंबरच्या एक तारखेला पक्की व्हायची होती.

त्याने आसावरीला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती, शिवांगी शाळेत.

"म्हणजे पत्रात जे लिहिलंय तेच चुकलंय?" तिने विचारलं.

"तेच."

"दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

"अलहसनला थोडं. आकडा कुणालाच नाही." मग जरा चाचरत तो म्हणाला, "हळूच दुरुस्त करता येईल. नवी फाइल पाठवायची, गणकांनी सुधारून पाठवली म्हणायचं. किंवा जानेवारीत अर्ज गेला की मग सांगायचं."

"आणि पंपांची यादी?"

"ती डिसेंबरातच जाते."

आसावरीने गॅस बंद केला. "पाच वर्षं मी या घरात बसून काढली. माझ्या बरोबरीच्या बाया तिकडे हेडमिस्ट्रेस झाल्या. मी इथे लोकांच्या पोरांना फुकट फोटोसिंथेसिस शिकवते." तिचा आवाज चढला आणि मग बसला. "तुम्ही जाऊन सांगणार आहात, हे तुमच्या तोंडावर दिसून राहिलंय. मग मला विचारल्यासारखं करू नका. माझ्याकडून 'हो' ऐकून तुम्हाला हलकं वाटेल. ते मी म्हणणार नाही."

तिने म्हटलंही नाही. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना तिने एवढंच विचारलं, "त्या मुलीच्या आईचं नाव काय म्हणालात?"

"हवा."

तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

त्या दिवशी तो डॉ. पोर्टर यांच्या खोलीत फॉर्मचा गठ्ठा घेऊन गेला. त्या भल्या बाई होत्या. पूर्ण ऐकून घेतलं, समासातली पेन्सिल भिंगाखाली धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं वेळेत सांगितलंस. शुद्धिपत्र पाठवू. प्रक्रियेतील त्रुटी, एवढं लिहिलं की पुरे. नाव घालायची गरज नाही."

कुणी सुटायला दार उघडून दिलं तर शहाण्या माणसाने गुपचूप बाहेर पडावं. गुरुनाथ दारातच थांबला. "आधीच्या टिपेत गणकांचं नाव आहे," तो म्हणाला. "त्यांनी बरोबर मोजलं होतं आणि मी चुकीचं पुसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि आता नुसतं 'त्रुटी' म्हटलं तर संन्यासी फासावरच राहील." म्हणीचा इंग्लिश अनुवाद त्याने कसाबसा केला. तो ऐकून डॉ. पोर्टर जरा गोंधळल्या, पण मुद्दा त्यांना कळला.

"तुझं नाव छापलं जाईल," त्या म्हणाल्या. "ते सगळे वाचतील."

"हो."

मग त्याने खिशातून शिफारसपत्राची नवी प्रत काढून टेबलावर ठेवली. प्रोग्रामबद्दलचं वाक्य त्याने काढून टाकलं होतं. ते वाक्य गेल्यावर पत्रात राहिलं होतं एवढंच, की श्री. देशकर वेळेवर येतात आणि सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागतात. असल्या गुणांवर अमेरिका कुणाला ठेवून घेत नाही.

डॉ. पोर्टर यांनी पत्र वाचलं, त्याची घडी घातली. "लेट्स रिव्हिजिट धिस," त्या मृदूपणे म्हणाल्या, "पुढची ग्रँट आली की." गुरुनाथ पाच वर्षं त्या देशात होता. नागपूरला लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे "बघू, कळवतो" म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार, हे त्याला लगेच उमगलं. ग्रँट फेब्रुवारीत आली. जानेवारी तोवर गेला होता.

शुद्धिपत्र मात्र नोव्हेंबरातच निघालं. चार पानं, सहाशे बारा माणसं, पण माणसांची नावं अशा कागदावर येत नाहीत, नुसते आकडे येतात. पान शेहेचाळीस, कुलपेला: २८७ ऐवजी ३११ वाचावे. खाली एक ओळ होती, की मूळ गणना अचूक होती आणि चूक माहिती-प्रक्रियेत जी. व्ही. देशकर यांच्याकडून झाली. अलहसनने ते प्रशिक्षण संपायच्या दिवशी वाचलं. निघताना त्याने गुरुनाथचा हात आपल्या दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवला. आणि आईच्या नावाची चौकट असलेला नवा फॉर्म त्या दोघांनी मिळूनच बनवला होता, तो त्याने बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

पुढचं वर्ष सगळ्यांचंच असतं तसं गेलं. गुरुनाथ कामावर जात राहिला. त्याने इकडेतिकडे अर्ज केले, पण वर्षभराचा व्हिसा उरलेल्या माणसाला कोण घेतं? मंडळात बातमी पसरली. बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलं. संजयने तर फोनवर स्पष्टच सांगितलं, "यार, एक सही व्हायची होती! दोन महिने कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं?" काय बिघडलं असतं ते गुरुनाथला नेमकं ठाऊक होतं, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आसावरीने मात्र एकदाही टोमणा मारला नाही. तिने नागपूरच्या जुन्या शाळेला पत्र टाकलं. तिथली जागा भरली होती. दुसऱ्या एका शाळेने भेटायला या म्हणून कळवलं, त्यावरच ती खूश होती, निदान तसं दाखवत तरी होती.

सगळ्यात जास्त चिडली ती शिवांगी. जानेवारी २००७ मध्ये सामान बांधताना ती आपल्या पुस्तकांच्या खोक्यावर बसून रडली. "यू डोन्ट इव्हन नो देम, बाबा! यू नेव्हर मेट वन ऑफ देम!"

गुरुनाथ तिच्याजवळ जमिनीवर बसला. "खरंय," तो म्हणाला. "म्हणूनच तर माझ्या हातून पुसल्या गेल्या." तिला ते पटलं असं नाही. तिने नाक पुसलं आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली.

विमान अठरा तारखेचं होतं. सोफा विकला होता, पडदे काढले होते, घरभर आवाज घुमत होता. कॉम्प्युटर संजय घेणार होता आणि तेवढा एक भिंतीशी जमिनीवर चालू होता. दुपारी तो बंद करायच्या आधी गुरुनाथने शेवटची मेल पाहिली. अलहसनची होती.

पाचांपैकी चार गावांत पंप बसले होते. पाचव्यात दोनदा खोदूनही पाणी लागलं नाही, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बघणार. कुलपेलाचा पंप डिसेंबरात सुरू झाला. पंपाची समिती नेमताना गावाने पुन्हा माणसं मोजली, ती तीनशे चौदा भरली. मोजणीत चूक नाही, अलहसनने मुद्दाम लिहिलं होतं, तीन नवी बाळं आहेत. दोन मुलगे. एक मुलगी अब्दुलायच्याच घरात झाली, आणि वार गुरुवार असल्यामुळे तिचं नाव काय ठेवलं असेल हे मिस्टर गुरुंना सांगायला नकोच.

गुरुनाथ रिकाम्या खोलीत मांडी घालून बसला आणि त्याने उत्तर टाइप केलं. अभिनंदन नाही, निरोप नाही, आपण आज देश सोडतोय हेही नाही. नुसते दोन शब्द होते. कुणाची लामिसी?

खाली हॉर्न वाजला. आसावरी कोट घालून दारात आली. "अहो, गाडी आली. बंद करा ना आता ते. काय बघून राहिले?"

"दोन मिनिटं थांबायला सांग," गुरुनाथ म्हणाला. "आईचं नाव यायचंय."